डाव्या डोळ्याचा सौदा

राजारामपुरीत एका गल्लीच्या तोंडाला
रुबीना मुल्लाणीचं चष्म्याचं दुकान.
तिनं काचेवर एकेक डबी मांडली:
हेझल, हनी, ग्रे, आणि एक हिरवी,
जिच्यावरच्या बाईला कधी ऊन लागलेलं नसावं.

म्हटलं, मला सुंदर नको.
उजव्यासारखा पाहिजे.

उजव्या डोळ्यात टॉर्च मारून
ती बराच वेळ बघत राहिली,
अडत्या रव्यात सुरी घालून बघतो तशी.
"तपकिरी," म्हणाली.
मला हसू आलं.
मार्केट यार्डात अकरा वर्षं पट्ट्या लिहिते मी.
तपकिरी हा काय रंग झाला?
पहिल्या आधणाचा केशरी असतो,
खोडव्याचा मळकट,
काहिलीत अंमळ जास्त राहिलेला काळपट,
आणि दमट हवेत कडेनं पाझरू लागला
की त्याला नावच नाही,
त्याचा फक्त भाव पडतो.

डाव्याची गोष्ट तिनं विचारली नाही,
पण फॉर्मवर रकाना होता.
मी लिहिलं: ऊस.
वय वर्षं सहा, वडणग्याचं रान,
तोडकऱ्यांच्या मागं धावताना
पात्याची धार लागली.
मग तिथं फूल पडलं.
असंच म्हणतात, फूल पडलं,
कुणाच्या वेणीतनं निसटावं तसं.
उजेड आहे की अंधार,
एवढंच त्या डोळ्याला कळतं.

पहिली लेन्स.
एकसारखा गोड रंग, कुठं डाग नाही,
हायड्रोस मारलेल्या गुळासारखा.
"काढ," म्हटलं.
दुसरीला कडेची रेघ इतकी ठळक,
की शाळेत पोरीनं नकाशाची हद्द गिरवावी.

तिसरी घातली आणि रुबीना म्हणाली,
"हितं ट्यूबखाली काय कळतंय, मंजुळाताई.
भाईर चला, उन्हात बघूया."

फूटपाथवर दोघी उभ्या.
केएमटीचा धूर, कॉलेजची दोन पोरं,
चहाचा गाडा, आणि तिनं धरलेला हातभर आरसा.
बाहुलीभोवती पिवळट झाक,
तिथनं तांबूस रेषा सुटलेल्या, वेड्यावाकड्या,
कड मऊ, नेमकी कुठं संपते सांगता येत नाही.
मी श्वास सोडला.

तेवढ्यात उजवी बाहुली उन्हाला आकसली.
डावी छापलेली, जागची हलली नाही.
"ही कधीच हलणार नाही," रुबीना म्हणाली.
"दिवसाची घ्यायची का रात्रीची,
ते तेवढं तुमी ठरवा."

सौदा सकाळी असतो.
रात्री मला बघायला कोण येतंय?
दिवसाची घेतली.

उजव्या बुबुळात एक तीळ आहे, खालच्या अंगाला.
तो तिच्या कुठल्याच डबीत नव्हता.
"ऑर्डर देऊन काढून घेऊ की, वेळ लागंल."
राहू दे, म्हटलं.
दोन रवे कधी एकसारखे उतरलेत?

सोमवारी यार्डात गेले.
कुणी काही बोललं नाही.
ह्याच्यासाठीच तर पैसे मोजले होते,
तरी दुपारपर्यंत राग येत राहिला,
कुणाचा ते कळेना.
दत्ताजीराव खराडे तेवढे,
अकरा वर्षं माझ्या खांद्याशी बोलणारे,
आज चेहऱ्याकडे बघून बोलले
आणि भाव सांगताना चुकले.

मग तिसऱ्या ढिगापाशी
एकानं रव्यात सुरी घातली, वास घेतला, ओरडला,
"रंग लईच चांगलाय ह्याचा.
कायतरी मारलंय!"
सगळे वाकले बघायला.

मी पट्टीवर नंबर टाकला.
पापणी लवू दिली नाही,
लेन्स कोरडी पडत होती तरी.